कोटिकोन

आई गेल्यावर मी बाबांना सिंगापूरला, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. खरं तर उचलूनच आणलं. जन्मभर तालुक्याच्या शाळेत मराठीतून गणित शिकवलेला हा माणूस खिडकीशी बसून समोरच्या ब्लॉकवर वाळत घातलेले कपडे बघत राहायचा. बोलणं एकच, "परतीचं तिकीट काढ." गावाकडच्या त्या बंद घरात एकटे राहिले तर हे जेवायचंही सोडतील, अशी मला धास्ती होती. म्हणून माझ्या मुलीचं गणित मी त्यांच्या गळ्यात मारलं.

मात्रा लागू पडली. काटकोन त्रिकोण, एक कोन क्ष, दुसरा दोन क्ष अधिक पंधरा. "काटकोनाने आपले नव्वद आधीच घेतले. उरलेल्या नव्वदात हे दोघं. मांड समीकरण." तीन क्ष बरोबर पंचाहत्तर, क्ष पंचवीस, दुसरा पासष्ट. ती क्षला एक्स म्हणायची, ते एक्सला क्ष म्हणायचे, उत्तर तेच यायचं. बाबा दोन घास जास्त जेवू लागले.

मग एकदा तिने विचारलं, "आजोबा, कॉम्प्लिमेंटरी अँगल्स म्हणजे?"

बाबांनी शब्दाचा रोजचा अर्थ लावला. "पूरक. बेरीज एकशे ऐंशी."

मराठी पुस्तकातले पूरक कोन एकशे ऐंशीचेच असतात. पण हिच्या पुस्तकातल्या कॉम्प्लिमेंटरीला आपल्याकडे कोटिकोन म्हणतात, आणि त्यांची बेरीज नव्वद. गणित चुकलं नव्हतं, भाषेने दगा दिला होता. चाचणीत आकृती नव्हती, नुसता शब्द होता. पोरीने एकशे ऐंशी मांडले.

"आजोबा टॉट मी राँग, लाह!" ती दारातूनच ओरडली. बाबा हॉलमध्येच बसले होते. रात्री जेवले नाहीत. "आता तरी काढ तिकीट," एवढंच म्हणाले.

मला पोरीचा भयंकर राग आला होता. पण तिला समोर बसवून दोन्ही शब्द समजावले. मग ती कागद घेऊन बाबांच्या खोलीत गेली. "आजोबा, कोटिकोन कसं लिहायचं?"

त्यांनी लिहून दाखवलं, खाली काटकोन त्रिकोण काढला. मी दारात उभी होते.

तिने वरच्या टोकावर बोट ठेवलं. "हा अँगल झीरो झाला तर?"

बाबा म्हणाले, "मग दुसरा सगळे नव्वद घेतो. ताठ उभा राहतो." त्यांनी त्रिकोणाच्या पायावर शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा काढल्या. "या कितीही वाढव, भेटत नाहीत. त्रिकोण संपला." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

पोर घाबरली. तिने पेन्सिल घेतली, एक रेघ खोडली आणि तिच्या जागी दुसऱ्या रेघेकडे किंचित कललेली काढली. "थोडं लीन करायचं, आजोबा. वन डिग्री ऑल्सो कॅन."

बाबांनी ती रेघ बोटाने कागदाबाहेर, टेबलाच्या कडेपर्यंत नेली. "फार लांब जावं लागेल," ते म्हणाले, "पण भेटेल."

मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "तिकिटाचं हिच्या परीक्षेनंतर बघू."