इंदुमतीबाईंचं कॅलेंडर

इंदुमतीबाई आमच्या विद्यानगरच्या दवाखान्यात बावीस वर्षं टायपिस्ट होत्या. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या अमीरपेटेच्या संगणक क्लासला जाऊन पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकल्या. क्लासमधली पोरं ‘आंटी’ म्हणत. बाई ‘हौ बेटा’ म्हणत त्यांच्याच वह्यांतून उतरवून घेत.

बाळांच्या पुढच्या लसीची तारीख काढून पालकांसाठी पोस्टकार्ड छापणारा प्रोग्राम त्यांनी चार महिने खपून लिहिला. २००६च्या जानेवारीतल्या एका सोमवारी चार वाजता दवाखान्याचे सचिव लक्ष्मणराव तो बघायला येणार होते. चालला तर काम बाईंकडे. नाही तर माधापूरच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे, आणि बाई चादरींच्या कोठीत मोजदादीला.

मी तिथला अधीक्षक. बी.कॉम. झाल्यापासून माझा एकच नियम : फायलीला नाव तेच, जे आत आहे. शनिवारी पाहिलं तर प्रोग्रामचं नाव gangu.py. गंगू ही बाईंची मांजर.

“सचिवांना हे दाखवणार?” मी विचारलं. बाईंनी ते बदलून calendar.py केलं.

सोमवारी अडीचला प्रोग्राम अडला. महिन्याचे दिवस सांगायची सोय कॅलेंडरमध्ये नाहीच, असं यंत्र म्हणत होतं.

“शनिवारी होती की!” बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत बसल्या. बोटं मोडत एकेक ओळ तपासली. सव्वातीनला थबकल्या.

“अहो, calendar नावाची तयार फाइल पायथनकडे असते. फेब्रुवारीचे दिवस मी तिलाच विचारते. पण पायथन आधी आपल्याच फोल्डरात बघतो. तिथं त्याला माझीच फाइल सापडतेय.”

“म्हणजे माझ्या नियमानं—”

“तुमच्या नियमाला हळदीकुंकू वाहा, बाळकृष्णराव!”

त्यांनी नाव पुन्हा गंगू केलं. चालवलं. तीच चूक.

साडेतीन. त्यांनी कीबोर्ड दूर सारला. “चादरी मोजायला तरी येतील ना मला?”

सवयीनं मी फोल्डरातल्या फायली मोजल्या. शनिवारी सहा होत्या. आज सात.

“ही calendar.pyc कुणाची?”

बाई पडद्यावर वाकल्या. “पायथननं केलेली नक्कल! मूळ फाइलचं नाव बदललं, तरी ही जुनं नाव धरून बसलीय.” त्यांनी ती पुसली.

पावणेचारला पहिलं कार्ड निघालं. तीस नोव्हेंबरला लस घेतलेलं बाळ. पुढची लस तीन महिन्यांनी, अठ्ठावीस फेब्रुवारीला.

चारला आलेल्या लक्ष्मणरावांनी ते उलटसुलट पाहिलं. मग पडद्याकडे बोट केलं. “हे गंगू काय?”

बाई माझ्याकडे बघेनात.

“नवा नियम आहे, साहेब,” मी म्हणालो. “आधीच दुसऱ्या फायलीचं असलेलं नाव घ्यायचं नाही.”

“बरं. छापत राहा, बाई,” म्हणत ते निघाले.

त्यांचा जिना उतरल्याचा आवाज थांबला, तशी बाई फोल्डर पुन्हा उघडून पडद्यावर बोट ठेवत फायली मोजायला लागल्या.