त्याच्या आधी काय?

नव्वदीच्या सुरुवातीला नव्या मुंबईत रस्ते आधी आले, मग सिग्नल, आणि गाड्या सगळ्यात शेवटी. रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढे उभं राहणं म्हणजे शुद्ध बावळटपणा, असं माझं मत होतं. तुर्भ्याला एकदा तशीच स्कूटर दामटली आणि चौकातल्या हवालदारांनी शिट्टी फुंकली.

पावतीपुस्तक काखेतच ठेवून, मिशीवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, “सिग्नल तोडायच्या आधी मनात काय आलं?”

“घाई होती, साहेब.”

“घाई सगळ्यांनाच हाय. त्याच्या आधी?”

शेजारी आधीच पकडलेला एक ट्रकवाला कपाळ धरून उभा होता. आठवत आठवत तो सकाळी बायकोशी झालेल्या भांडणापर्यंत पोचला होता.

“मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला,” मी कबूल केलं. “लाज वाटली.”

“म्हंजे सिग्नल लाजेनं तोडलात. पुढच्या टायमाला लाज वाटली की ब्रेक दाबा. जावा.”

आठवड्याने त्याच चौकात लाल दिव्याला थांबलो होतो. मागून हॉर्न वाजला. लाज वाटली, आणि मी ब्रेक घट्ट दाबला. वळून पाहिलं तर साध्या कपड्यांत, मोपेडवर, तेच हवालदार.

“चला की, घाई हाय!”

“त्याच्या आधी, साहेब?”

त्यांचं बोट मिशीवर गेलं. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, तरी ते आठवतच होते.