नानांचा शह

माझे धाकटे चुलते, नाना, दर सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात माझ्या वडलांशी बुद्धिबळ खेळत आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलत नसत. नव्वदच्या सुमारास विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. चुली वेगळ्या झाल्या, बांधावरची वाट बंद झाली. चहाच्या टपरीमागचा पट तेवढा चालू राहिला. माझ्या मते दोघंही सारखेच हट्टी. पण मी पडलो पुतण्या, मला विचारतो कोण?

पांढऱ्या सोंगट्या कायम वडलांच्या. "थोरल्यानं आदी चालावं," नाना टपरीवाल्याला म्हणत. "काळ्याला दम धरता आला म्हंजी झालं." वडील मधली प्यादी हलवत नसत, उंटापुढचं प्यादं सरकवून कडेनं शिरत. नाना मिशीवर बोट फिरवत नुसते बघत बसत. बैल घेतानाही त्यांची हीच रीत. व्यापारी कंटाळला की मगच ते दाव्याला हात घालत.

आमच्याकडे शह तोंडानं सांगावा लागतो. न बोलता दिलेला शह कुणी धरत नाही. त्यामुळे या दोघांचा एकही डाव पुरा होत नसे. शह द्यायची वेळ आली की वडील खोकत उठत, नाहीतर नानांना आठवे, "म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलं की." बघणारे हसत. मला मात्र कधी हसू आलं नाही.

पुढे वडील अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाना पट काखेत मारून आमच्या ओट्यावर, वडलांच्या खाटेशी आले. कुणी 'या' म्हटलं नाही. त्यांनीच सोंगट्या मांडल्या. वडलांनी तेच प्यादं पुढे केलं. उन्हं कलेपर्यंत डाव चालला. काळा घोडा राजाच्या अंगावर आला आणि नानांनी हात मागे घेतला. आता हे उठणार, असं मला वाटलं.

"दादा, शह," नाना म्हणाले.

वडलांनी पटाकडे पाहिलंच नाही. "लई येळ लावलास रं," ते म्हणाले. राजाला घर उरलं नव्हतं. त्यांनी तो स्वतःच आडवा केला आणि नानांनी त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

वडील त्याच आठवड्यात गेले. नदीवरून परतताना मी म्हणालो, "शेवटचा डाव तुमचा झाला, नाना."

"जिंकाय कोन आलं व्हतं?" ते म्हणाले. "मला हाक मारायची व्हती. आन् आता दादा म्हनू कुनाला?"