तिफणीची मधली ओळ

थोरल्या दिरांची जिरवायची हे मी ठरवलं, त्याच्या दोन दिवस आधी माझी सहा वर्षांची पोरगी दप्तर घेऊन त्यांच्या, म्हणजे तिच्या मोठ्या बाबांच्या घरी राहायला गेली होती. कारण काय, तर आमच्या ज्वारीत नांगे पडले होते. पेरलेल्या ओळीत मधेमधे उगवलंच नाही की त्या मोकळ्या जागांना आमच्याकडे नांगे म्हणतात.

नवरा ऊसतोडीला गेलेला. पेरणीला तिफण दिरांनी हाकली, बी सोडायला चाड्यावर मूठ मी धरली. आठ दिवसांनी उगवण दिसली तसे ते सासूबाईंना बांधावर घेऊन आले.

"बगा. मेंदूच सुकलाय हिचा, डाक्टरनं फोटो काढून बगितलाय. हिच्या भरवशावर लेकरू ठिवायचं का?"

सासूबाईंनी पोरीचं दप्तर भरलं. संध्याकाळी पोरगी गेली.

मला बायपोलर आहे. कधी महिनाभर अंगात वारं भरतं, कधी अंथरुणातून उठवत नाही. परभणीचे डॉक्टर म्हणाले होते की मन ताळ्यावर असतानाही लक्ष धरून ठेवणारा, कामं ओळीनं लावणारा मेंदूचा भाग जरा कच्चा राहू शकतो. माझ्या फोटोत मात्र वेगळं काही नव्हतं. असा फरक पुष्कळ जणांचे फोटो शेजारी ठेवल्यावर कळतो, एकट्या बाईच्या फोटोवरून तिला काय जमेल ते ठरत नाही, असंही त्यांनी सांगितलं. हे सगळं ऐकायला दीर माझ्या शेजारी बसले होते. गावात त्यांनी हवं तेवढंच आणलं.

खरं सांगते, पहिले दोन दिवस मलाही ते पटलं. गोळी घेतली की नाही आठवत नाही म्हणून मी भिंतीवर खडूनं खुणा करते; माझी मूठ कशी नीट चालली असेल? तिसऱ्या दिवशी रडत रडत शेतातून चालले आणि थांबले. मोकळ्या जागा फक्त मधल्या ओळीत होत्या. चाड्यातलं बी तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. मूठ चुकली तर तिन्ही ओळी रिकाम्या जातात. एकच ओळ रिकामी म्हणजे त्या नळीच्या तोंडाशी ओली माती बसलेली. ती दर वळणावर तिफण हाकणाऱ्यानं काढायची असते, आणि हाकणारे कानाला मोबाइल लावून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना नेलं, शेजारचे दोन शेतकरी नेले, दिरांनाही बोलावलं.

"भावजी, मेंदू माजा सुकला. मंग नळी कुनाची बुजली?"

शेतकरी मोठ्यानं हसले. दिरांचं तोंड एवढंसं झालं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! सासूबाईच लेकाला म्हणाल्या, "आता टोब तूच." भर उन्हात ते वाकून मोकळ्या जागांत एकेक दाणा हातानं टोबत गेले. मी बांधावर बसून शेवटपर्यंत बघितलं. कोपऱ्यात दोन ठिकाणी तिन्ही ओळी मोकळ्या होत्या. त्या माझ्या चुका. त्या मी सगळ्यांना दाखवल्या आणि स्वतः टोबल्या.

संध्याकाळी पोरगी परत आली. मी चहा उतरवून गॅस बंद केला. तिच्या पाठीवर दप्तर तसंच होतं. ती गॅसपाशी गेली, बटण चाचपून बघितलं.

"काय गं?"

"मोठे बाबा म्हनले, आईनं केल्यालं समदं एकदा बगत जा."

बांधावर मी त्यांची फार थोडी जिरवली होती.