मेजाखालची टोपली

माझ्या आईच्या धपाट्यांवर कोणी बोली लावली नाही.

गेल्या वर्षी जालन्याच्या आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. रानातलं, घरातलं जे असेल ते देवाला आणून द्यायचं, मग तिथंच त्याचा लिलाव करायचा, ही रीत. गहू गेला, कोंबडा गेला, भोपळासुद्धा गेला. मग चर्चच्या पंचांनी धपाट्यांची टोपली वर धरली. पुढच्या बाकावरून पंचांची बायको शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "येशूचं नाव घेतल्यानं हात बदलत न्हाईत."

एक-दोघी हसल्या. पंचांनी टोपली मेजाखाली सरकवली. आमचं मूळ घर कुंभार पिंपळगावच्या मांगवाड्यातलं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आई पदर सावरत हसली. त्या हसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाठोपाठ पंचांच्या मुलीचा, सलोमीचा केक आला. बोलीला नुसता ऊत. जो तो "आपल्या सलोमीचा, आपल्या सलोमीचा" करत होता. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. केक कोणाच्याही घशात जावो. मला ते "आपल्या" हवं होतं.

तिच्या पणजोबाचा बाप्तिस्मा झालेला. आमच्याकडे पहिला माझा बाप. चर्चमध्ये नवं माणूस दिसलं की लोक आधी विचारतात, "कितव्या पिढीचे?" मी कॉलेजात जाणारी मुलगी, आणि मेलेल्या पणजोबाचा हेवा करायचे! तिचं गीतांना पेटी वाजवणं, तिचे ड्रेस, तिचं पुढचं बाक, सगळं डोळ्यांत सलायचं.

त्याच सकाळी पाळकांनी सांगितलं होतं की विश्वास ठेवणारा प्रत्येक जण देवाचं लेकरू, आणि लेकरू म्हणजे वारस. मी दर रविवारसारखी मान डोलावली होती. आता ते डोक्यात शिरलं. सलोमी लेक. मीही लेक. मग बापाच्या घरात माझ्या आईचं अन्न मेजाखाली का?

मी उठले. टोपली बाहेर ओढली. पंचांच्या बायकोपुढे धरली.

"घ्या काकू. आपल्या बापाच्या घरचंय."

त्यांनी अंग चोरलं. सलोमी खाली बघत राहिली. पाळक गीतांचं पुस्तक चाळू लागले.

"ए पोरी," पंच ओरडले, "जाग्यावर जाऊन बस. जल्दी."

"जाग्यावरच हाय मी."

मेजापाशी उभी राहून मी धपाटं मोडलं आणि खाल्लं. एकेक घास उतरवला. बाकांमागं आमच्यासारख्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर आई रडत होती.

यंदाचा सण जवळ आला तशी आई म्हणाली, "दुकानातून बिस्किटाचे पुडे नेऊ, बाई. त्येला कोन्ही नाव ठेवत न्हाई."

"बिलकुल न्हाई," मी म्हटलं. "धपाटेच करायचे. तूच करायचे."

सलोमीचा हेवा अजून गेलेला नाही. जाऊही नये. माझी वाटणी मिळेपर्यंत तो मला गप्प बसू देणार नाही. यंदा आईला घेऊन मी पहिल्या बाकावर बसणार आहे. तिथून आम्हाला उठवायचं असेल, तर त्यांना आम्हाला शिवावं लागेल.