ओठांशी इमान

मूकपटाच्या काळात आवाज नसायचा, म्हणून नटमंडळी कॅमेऱ्यासमोर वाट्टेल ते बडबडत. एकदा एका नटीच्या मांडीवर प्राण सोडताना, डोळ्यांत पाणी आणून, नायक म्हणाला होता, "डब्यात आज पुन्हा भोपळाच!" थिएटरात सगळे मुसमुसत असताना तिची थोरली बहीण फिदीफिदी हसली. ताई जन्मापासून बहिरी, ओठ वाचायची.

ती नटी मात्र प्रत्येक वाक्य पाठ करून म्हणायची. दिग्दर्शक चिडवायचा, "कुणाला ऐकू जाणार आहे, बाई?"

"माझ्या ताईला."

मग बोलपट आले. कंपनीच्या मालकांनी तिला बोलावलं. "चेहरा तुझा, आवाज दुसरीचा. ती कॅमेऱ्यामागून बोलेल. तू पाठांतरात वेळ घालवू नकोस. चित्र लांबून घेऊ, नुसती बाराखडी म्हण."

"पडद्यावरचा नवरा गेल्यावर मी क, का, कि, की म्हणू?"

"ओठ कोण बघतंय?"

"माझी ताई बघते. आणि माझा आवाज एकदा यंत्रावर ऐकून तर बघा."

"आत्ता ऐकतोय तेवढा पुरे झाला," मालक हसले. दिग्दर्शकही हसला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मुकाट राबवून घेतलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा आवाज तेवढा उसना हवा! ती रंगपटात गेली, खसाखसा रंग पुसला आणि घरी आली. ताईने खुणेनेच विचारलं, काय झालं? तिने सावकाश ओठ हलवून सगळं सांगितलं. ताईने तिचा हात घट्ट धरला.

आठवड्याने वर्तमानपत्रात आलं: 'घोगऱ्या आवाजामुळे नटीचं काम गेलं.' ती तडक संपादकाच्या टेबलापुढे उभी राहिली.

"काम गेलं नाही. मी सोडलं."

"अहो बाई, अर्थ एकच."

"एकच? तुमचं घड्याळ चोराने नेलं काय आणि तुम्ही ते भाचीला दिलं काय, एकच?"

संपादक खजील होऊन म्हणाले, "दुरुस्ती छापतो." ती दुरुस्ती कधीच छापून आली नाही. लोक आजही 'काम गेलं' असंच म्हणतात.

पुढे ती शिवणकाम करून दोघींचं घर चालवू लागली. ते वर्तमानपत्र तिने पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. वाण्याने त्याच वर्तमानपत्राच्या कागदात साखर बांधली, तर पुडी परत सरकवून म्हणायची, "दादा, दुसऱ्या कागदात बांधा. ह्यातलं काही माझ्या घरात नको."