औषध अडवणारा पडदा

थकलेल्या माणसाकडे किस्से फार! बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात मी, शेख सर आणि एक थ्रीडी प्रिंटर, असे तिघं सोबतच थकलो. कपाशीवर फवारलेलं औषध विहिरीत उतरतं. ते गाळायला प्लास्टिकचा पातळ पडदा थरावर थर देऊन छापायचा, एवढंच काम. पडदे फार झाले नाहीत. किस्से मात्र झाले!

*

पहिला चांगला पडदा पाहुण्यांसाठी टेबलावर मांडला. मोठे साहेब आले, चहा घेतला, भाषण दिलं. उठताना म्हणाले, "सगळं ठीक, पण तो पडदा कुठाय?"

शेख सर हळूच म्हणाले, "सर, तुमच्या कपाखाली."

*

लाइट जायची. छपाई अर्ध्यात थांबली की पुढचा थर चिकटत नाही, पडदा कचऱ्यात. आम्ही इन्व्हर्टर मागितला. ऑफिसातून उत्तर आलं, "लाइट नसताना छापताच कशाले?"

*

एकदा लाइट टिकली. पडदा बसवला, वरून विहिरीचं पाणी सोडलं. दुपारी शेख सर धावत आले.

"सर, औषध थेंबभरही खाली गेलं नाही!"

मी उठलोच. "आणि पाणी?"

"तेही नाही गेलं."

आम्ही कँटीनला गेलो.

*

डोणगावच्या एक मावशी एसटीनं पाण्याची कॅन घेऊन आल्या. तपासलं, तर औषधच औषध! मी हादरलो. "मावशी, हे पाणी पिता तुम्ही?"

"नाही जी, पिण्याचं घागरीत भरतो. हे तुमच्यासाठी फवाऱ्याच्या औषधाच्या कॅनीत आणलं. धुतली ना मी!"

*

शेख सरांचे मोठे भाऊ रफिकभाई, देऊळघाटला कपाशी करणारे. बीटी वाणाला अळी लागत नाही म्हणून ते बियाणं घेतलं. अळी आली, मागोमाग फवारणी आली. उघड्या अंगानं फवारताना औषध कातडीतून भिनलं. दवाखान्यातून जिवंत परतले, पण हात थरथरायचे ते थरथरायचेच.

एक दिवस ते लॅबमध्ये आले. शेख सरांनी मोठ्या कौतुकानं पडदा खिडकीच्या उजेडात धरला. "पाहा भाईजान, एवढा पातळ हाय, पण औषधाले आरपार जाऊ देत नाही."

रफिकभाईंनी तो बोटांनी चाचपला. बराच वेळ. मग आपल्याच दंडाची कातडी चिमटीत धरली.

"मायं कातडं तं याच्याहून जाड हाय ना बे?"